लानचं इंग्रजी आणि माझी धडधड

टक्. थोडं थांबून पुन्हा टक्, टक्.

दुपारचे पावणेदोन. मैत्रेयी आत झोपलेली, खालच्या मैदानातला बॉल बंद, फ्रीजसुद्धा घरघर आवरून गप्प बसलेला. अशा शांततेत बाहेरच्या लोखंडी जाळीवर कुणीतरी नखाने वाजवलं, आणि माझ्या मांडीवरचं मटारचं ताट जमिनीवर गेलं.

मी मुळातच घाबरट बाई आहे. पुण्यात हा गुण जरा दबून होता. सिंगापुरात त्याला चांगला वाव मिळाला. आमच्या तोआ पायोहच्या इमारतीत लिफ्टशेजारी चार सूचना लावलेल्या आहेत. त्यातल्या तीन मी कधीच मोडत नाही. चौथी कुणा रहिवाशाने नुसती चिनीत लिहिली आहे, त्यामुळे ती मी रोज मोडते की काय, ही धाकधूक घेऊनच मी खाली उतरते. त्यात मी डिपेंडंट पासवर. म्हणजे नवऱ्याच्या पासाला बांधलेली शेपटी, जिला इथे कमवायची परवानगी नाही. आणि नवऱ्याच्या, म्हणजे कुशलच्या पासाचं नूतनीकरण याच महिन्यात अडकलेलं. त्यामुळे भरदुपारी दार वाजलं की मला वाटतं, आले तपासायला.

जाळीपलीकडे लान उभी होती. समोरच्या घरातली. तिची शिनयी आणि माझी मैत्रेयी एकाच बालवाडीत, एकाच रंगाची वॉटरबॉटल, त्यावरून रोज एकच भांडण. लान नर्स आहे. चीनमधल्या हार्बिनमध्ये चौदा वर्षं काढून इथे आली, आणि आता एका वृद्धाश्रमात कायमची रात्रपाळी करते. नखाने दार वाजवायची सवय तिथलीच, झोपलेलं माणूस जागं होऊ नये म्हणून. जागं असलेलं माणूस त्याने अर्धमेलं होतं, हे तिच्या लक्षात आलेलं नाही.

"तू मला इंग्रजी बोलायला शिकव," ती मटार वेचता वेचता म्हणाली. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं; इथे ते मराठीत आणून ठेवते, नाहीतर दोघींचीही शोभा होईल. "मी बोलते ते बरोबर असतं. फक्त कुणाला कळत नाही."

नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात दिवसपाळीची जागा निघाली होती. लानने याआधी दोन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. दोन्हीकडे तिचं काम आवडलं, बोलणं अडलं. तिसरी मुलाखत तीन आठवड्यांवर होती.

"अगं, पण मीच का? क्लासेस असतात."

"क्लासमध्ये गोरा माणूस असतो. तो बोलला की मला काही कळत नाही. काल तू खाली वॉशिंग मशिनवाल्याशी फोनवर भांडत होतीस. मला शब्द न् शब्द कळला."

माझ्या इंग्रजीचं आयुष्यात पहिल्यांदा कौतुक झालं होतं, तेही भांडणातल्या. तरी मी काहीतरी सबब सांगणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "शिनयी झोपते तेव्हा मी कधीच घरात नसते. सहा वर्षांची होईल आता. सासूला ऐकू कमी येतं. रात्री पोर रडली तरी तिला कळत नाही."

यावर नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं. लानने कमरेत वाकून मला "लाओशी" म्हटलं, म्हणजे गुरुजी, आणि संध्याकाळी चाळीस डम्पलिंग, म्हणजे सारण भरलेले चिनी मोदकच, आणून दिली.

ही डम्पलिंगच पुढे माझ्या गळ्याशी आली.

आमच्या मजल्यावर, शेवटच्या घरात, निशिकांतकाका आणि कुमुदकाकू राहतात. काकांनी तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली. आता किनाऱ्यावरून सांभाळतात. जगातल्या सर्व बंदरांत काय चालत नाही हे त्यांना पाठ आहे. काय चालतं ते विचारलं की त्यांना फोन येतो.

"डिपेंडंट पासवर शिकवण्या घेतेस?" त्यांनी आवाज खाली आणत विचारलं. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.

"शिकवण्या कसल्या काका, शेजारधर्म."

"मोबदला?"

"काही नाही. डम्पलिंग."

"किती?"

"चाळीस."

काकांनी मान हलवली. जहाज बुडताना कॅप्टन हलवत असेल तशी. "डम्पलिंग हाही मोबदलाच. वस्तुरूपात. कुणाला बोलू नकोस. मीही ऐकलं नाही." आणि चौथ्या मजल्यावर काही काम नसताना उतरून गेले.

त्या रात्री मी कुशलला म्हटलं, "आपण डम्पलिंग परत करू या."

"तू खाल्लीस किती?"

"सव्वीस."

"मग गुन्हा सिद्ध झालाय," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. पुरुषांना झोप कशी लागते, हा एक वेगळाच विषय आहे.

तरी शिकवणी सुरू झाली. वेळ दुपारी पावणेदोन ते तीन, दोन्ही मुली झोपलेल्या असताना. खरं तर तीच लानच्या झोपेची वेळ. आणि माझ्या लिहिण्याची. पोर झोपल्यावर मिळणाऱ्या या तासाभरात मी काही बाही लिहिते; त्याला विचारतं कोण, पण तो तास माझा असतो. दोघींनी आपापला तास मोडून टेबलावर ठेवला होता, त्यामुळे वाया घालवण्याची सोय नव्हती.

पहिले दोन दिवस आम्ही मोबाइलवर एका इंग्रज गृहस्थाचे धडे पाहिले. त्यांच्याकडे जिभेची रबरी प्रतिकृती होती. ते ती वाकवून दाखवत आणि म्हणत, अगदी सोपं आहे. लान ती जीभ टक लावून पाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "या जिभेला अर्धांगवायू झालाय."

मग मला फ्रीजवरचा तक्ता दिसला. मैत्रेयीसाठी तिच्या पुण्याच्या आजीने पाठवलेला, क कमळाचा ते ज्ञ ज्ञानेश्वराचा. मैत्रेयी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. मी ओळींवर बोट ठेवत लानला सांगितलं, ही ओळ घशातून, ही टाळूवरून, ही जीभ मागे वळवून, ही दातांवर, ही ओठांवर. लान उठून उभी राहिली. पर्समधून पेन काढलं आणि तक्त्याच्या कोपऱ्यात तोंडाचा उभा छेद काढला, पडजिभेसकट. "हे कुणी केलं?" तिने विचारलं.

"जुनं आहे. फार जुनं."

"डॉक्टर असणार," ती म्हणाली.

तिथून गाडी भरधाव निघाली. क आणि ख यांतला फरक तिला सांगावाच लागला नाही. चिनीत तो हरघडी लागतो. तोंडापुढे कागदाची पट्टी धरली की ख ला बरोबर उडायची. पण ग, द, ब आले की गाडी अडायची. तिच्या भाषेत हे आवाज घशात घुमतच नाहीत. मी म्हटलं, गळ्याला हात लाव, ग म्हणताना आत कंप होतो. तिने हात लावला, पण स्वतःच्या नाही, माझ्या गळ्याला. डोळे मिटून, दोन बोटांनी, बराच वेळ.

"कळला कंप?"

"थायरॉइड ठीक आहे," लान म्हणाली. "पण नाडी एकशेचार. तू बसलेली असताना. तुला कसली भीती वाटते?"

तेव्हा बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज झाला होता, एवढंच. हे गुरूने शिष्याला कसं सांगायचं?

शब्दाच्या शेवटच्या व्यंजनांनी तर छळ मांडला. लान 'बेड' म्हणे तेव्हा ड हवेत विरून जाई, नाहीतर मागे एक 'अ' चिकटून येई. मी तिला अक्षराचा पाय मोडायला शिकवलं. ड काढायचा, खाली तिरकी रेघ मारायची, पाय मोडला, आता तो पुढे चालायचा नाही. ही कल्पना तिला फार आवडली. मोडलेल्या पायांशी तिचा रोजचा संबंध. तिने शंभर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून काढले आणि प्रत्येकाचा पाय मोडला. एक अख्खा अस्थिरोग वॉर्ड तिच्या वहीत तयार झाला.

माझी खरी फजिती व ने केली. वॉर्डचा व आणि व्हेनचा व यांत ओठांचं काय काय होतं, हे तिने मला विचारलं. मी दोन्ही म्हणून दाखवले. ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. "दोन्ही सारखेच," ती हळूच म्हणाली. मी पुन्हा म्हटले. सारखेच. संध्याकाळी मी न्हाणीघरातल्या आरशापुढे उभी राहून खालचा ओठ दातांखाली धरत होते, तर कुशल दारात येऊन म्हणाला, "दात दुखतोय का?"

सांगितल्यावर म्हणाला, "आपल्याकडे एकच व आहे. त्यात आपल्या पीएचड्या होतात, लग्नं होतात. तिला सांग, काटकसर आहे म्हणून." शिक्षणक्षेत्राविषयी आदर नसलेलं माणूस.

दरम्यान बातमी मजल्यावर पसरली होती. ज्या काकांनी काहीच ऐकलं नव्हतं, तेच एक दिवस लानला लिफ्टजवळ गाठून जहाजी रेडिओची पद्धत शिकवून गेले. महत्त्वाचं वाक्य दोनदा बोलायचं, आणि मध्ये 'आय रिपीट' म्हणायचं. पुढे चार दिवस लान माझ्याकडे पाणीसुद्धा दोनदा मागत होती.

कुमुदकाकूंचा उपाय घरगुती होता. त्यांनी वेखंडाचं कांडकं आणि सहाण आणली. "आमच्या वेदांतचं बोलणं अडीच वर्षं फुटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुपात उगाळून चाटवलं. आता वकील आहे, गप्प बसत नाही."

लानने कांडकं हुंगलं आणि तिचा चेहरा उजळला. "हे आमच्याकडे दारावर टांगतात. सणाला. भुतं पळवायला."

"बघ," काकू मला म्हणाल्या, "कुठेही जा, गुण तोच."

मी लहानशी चाट सुचवली होती. काकूंना वाटलं, प्रौढ बाई, मात्रा प्रौढ हवी. पाच मिनिटांत लानची जीभ चुरचुरली, मग बधिर झाली, आणि मुलाखतीला दहा दिवस उरलेले असताना माझ्या शिष्येची वाचाच गेली. ती त्या रात्री कामावर पाटी घेऊन गेली. मी रात्रभर छताकडे बघत पडले. सकाळी साडेआठला जाळीवर नख वाजलं, तेव्हा मी अनवाणी धावले.

"बेड्," लान म्हणाली. "वॉर्ड्. पेशंट्." तिन्ही पाय व्यवस्थित मोडलेले. मी तिथेच स्टुलावर बसले.

यानंतरच्या गुरुवारी कुशल ऑफिसातून लवकर आला. चपला न काढता दारात उभा.

"काय झालं?"

"लिफ्टपासून तुझा आवाज ऐकत आलो. कुणाला तरी इंजेक्शनबद्दल दटावत होतीस. आत येऊन बघतो तर तू गप्प, आणि आवाज चालूच. मी घाबरलो."

आवाज लानचा होता. ती खिडकीशी उभी राहून सराव करत होती. मी पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकलं. वळवलेला ट, ठणठणीत र, वाक्याच्या शेवटी थोडा चढलेला सूर. ते इंग्रजी नव्हे, मी होते. कोथरूडच्या शाळेत निबंध वाचून दाखवणारी मी. चौदा वर्षांच्या अनुभवी नर्सच्या तोंडात मी माझी जीभ बसवून ठेवली होती, आणि मुलाखत सहा दिवसांवर.

मी लानला सगळं कबूल केलं. म्हटलं, चुकलं माझं, आपण परत त्या इंग्रज गृहस्थांकडे जाऊ.

"काल चार नंबरच्या बेडवरच्या आजोबांना मी म्हटलं, डोकं वर करा. त्यांनी केलं. एकदाच म्हटलं, आणि केलं," ती म्हणाली. "मला हीच जीभ राहू दे."

तिचं समाधान झालं. माझी झोप गेली. आता ती नापास झाली असती तर ती नापास झाली नसती, मी झाले असते; आणि शिनयी मात्र रोज रात्री बहिऱ्या आजीशेजारी एकटी झोपली असती. मी शिनयीच्या डोळ्याला डोळा देईनाशी झाले. पोर आपली माझ्याकडे येऊन बिस्किट मागायची आणि मी तिला दोन द्यायची.

मुलाखत व्हिडिओवर होती, बुधवारी दुपारी तीनला. लानच्या घरी सासूबाई मालिका लावतात ती खालच्या मजल्यापर्यंत पोचते, म्हणून जागा ठरली आमची बेडरूम. मी सकाळपासून तयारीत. कुकर लावला नाही. वॉशिंग मशिन लावलं नाही. दोन्ही मुलींना हॉलमध्ये रंग देऊन बसवलं आणि सांगितलं, आज कुणी भांडायचं नाही. मैत्रेयीने विचारलं, "व्हॉट टाइम कॅन फाइट?" मी म्हटलं, चारला.

तीन वाजून सात मिनिटांनी जाळी वाजली. नखाने नव्हे. बोटांनी, अधिकाराने.

बाहेर दोघं उभे. एक पोक्त गृहस्थ, एक तरुण मुलगी. अंगात सरकारी जाकिटं, गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. बंद दारामागून लानचा आवाज स्पष्ट येत होता, आणि मी काय करावं? मी जाळी उघडण्याआधीच म्हणाले, "इथे शिकवणी चालत नाही."

ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"मी पैसे घेतलेले नाहीत," मी हळू आवाजात पुढे म्हणाले. "फक्त डम्पलिंग. चाळीस. त्यातली चौदा नवऱ्याने आणि मुलीने खाल्ली. नवऱ्याला शिकवणीतलं काही माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण त्याचा पास नूतनीकरणाला गेलाय, त्याचा यात काही दोष नाही."

मुलीने टॅबवर काहीच लिहिलं नाही. मग अगदी हळुवारपणे, आजारी माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "मॅम, वी चेक मॉस्किटो ओन्ली."

डासांची तपासणी. शेजारच्या इमारतीत डेंग्यू निघाला होता, घरोघर जाऊन साचलेलं पाणी बघत होते. मला हसू यायला हवं होतं. पण तेवढ्यात तो पोक्त माणूस खिडकीतल्या तुळशीपाशी गेला, कुंडीखालच्या ताटलीवर टॉर्च मारला आणि "हं" म्हणाला. ताटलीत पाणी होतं, आणि पाण्यात काहीतरी वळवळत होतं. त्याने ड्रॉपर काढला. मैत्रेयी आणि शिनयी रंग टाकून ताटलीभोवती बसल्या.

"दंडाचं पत्र येईल," मुलगी म्हणाली. "आता बेडरूमचं बाथरूम."

"तिथे नको," मी म्हटलं. "पाच मिनिटांनी."

"ऑल रूम मस्ट चेक."

मग मी त्यांना खरं सांगितलं. आत एका आईची मुलाखत चालली आहे, दिवसपाळीसाठी. ती रोज रात्री कामावर असते. ती बसलेली लहान मुलगी तिची. पोक्त गृहस्थांनी शिनयीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी बूट काढले, टॉर्च दातांत धरला, आणि सरकारी जाकिटासकट गुडघ्यांवर बसले. मी दार अर्धवट उघडलं. ते रांगत आत गेले, लॅपटॉपच्या कॅमेऱ्याखालून, पलंगाच्या कडेने.

पडद्यावर तीन बायका होत्या. मधली विचारत होती, एखादे गोंधळलेले वृद्ध गृहस्थ वॉर्डात असे भलतीकडे फिरताना दिसले तर काय कराल?

लानची नजर क्षणभर खाली गेली. तिथे एक गोंधळलेले वृद्ध गृहस्थ बाथरूमकडे रांगत होते.

"मी ओरडणार नाही," लान म्हणाली, माझ्या ट ने, माझ्या र ने. "मी त्यांना थांबवणारही नाही. आधी बघेन, फरशी ओली नाही ना. मग शेजारी बसेन आणि विचारीन, तुम्हाला कुठे जायचंय? आय रिपीट. कुठे जायचंय?"

मी दाराला पाठ लावून उभी होते आणि माझी नाडी एकशेचारच्या कितीतरी पुढे गेली होती. बाथरूममध्ये टॉर्च फिरला. गृहस्थ रांगत बाहेर आले, हॉलमध्ये उभे राहिले, गुडघे झटकले आणि वाक्याला इथला लाडका 'लाह' जोडत कुजबुजले, "शी आन्सर व्हेरी गुड, लाह."

पुढचे नऊ दिवस कसे गेले ते सांगत नाही. डासांचं पत्र आलं. कुशलचा पास आला. काका म्हणाले, पास आला म्हणजे सुटलीस असं नव्हे, नोंद राहते. मी प्रत्येक पत्राला धडधडत हात लावला आणि ज्याची वाट बघत होते ते येईना.

शुक्रवारी चार वाजता जाळीवर नख वाजलं नाही. लान थेट आत आली, मोबाइल समोर धरून. शिनयी तिच्या मागे.

"मिळालं?"

"ऐक," ती म्हणाली, आणि उभी राहून पत्र वाचू लागली, मोठ्याने, शाळेत वाचतात तसं. तुमची निवड झाली आहे. मी तिला मिठी मारली. मैत्रेयीने शिनयीला मारली. मी स्वयंपाकघरात पळाले, कढईत रवा टाकला, तूप घातलं, आणि तिथूनच ओरडले, "पुढे वाच, पुढे वाच."

ती वाचत राहिली. रुजू होण्याची तारीख. गणवेशाचं माप. मग एक वाक्य. नवीन वॉर्ड, माणसं कमी, सबब पहिलं वर्षभर नेमणूक रात्रपाळीत राहील. 'नाइट्', लान म्हणाली. ट स्वच्छ, पाय मोडलेला, हवेत काहीही विरलं नाही. सबंध वाक्यात एक आवाज चुकला नाही. शिकवणीच्या तीन आठवड्यांत तिने इतकं शुद्ध काही वाचलं नव्हतं.

मी गॅस बंद केला. लान खुर्चीवर बसली, मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाली, "एक वर्षच. मग बघू." मग सासूला सांगून येते म्हणून उठून गेली. सासूला सांगायला बराच मोठा आवाज लागतो, पण समोरच्या घरातून काहीच ऐकू आलं नाही.

शिनयी माझ्या ओट्यापाशी उभी होती. तिने अर्धवट भाजलेल्या रव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आंटी, मम्मी नाऊ स्पीक व्हेरी नाइस ऑलरेडी," ती म्हणाली. "देन व्हाय स्टिल कॅनॉट स्लीप विथ मी?"